नाईक शंभूच्या मरणाची वाटणी

मी, दिग्विजय ज्ञानोबा थोडसरे, वय चोवीस, धंदा माईक-भोंगे भाड्यानं देणं, राहणार येडशी, जिल्हा धाराशिव. माझं डोस्कं ठिकाणावर हाय. घरचे न्हाय म्हणतात, म्हणून त्यांची सही घेतलेली न्हाय. कसली नशा केली न्हाय. गावातल्या सुभेदार आण्णासाहेबांनी काठी दाखवली, पण ती लागली न्हाय, म्हणून तिला दाब-दडपण धरू नये. राजीखुशीनं लिहून ठेवतो ते असं.

कलम १. मरायची पाळी का आली.

श्रावणात मारुतीच्या देवळात पोथी असती. औंदा पोथी वाचणाऱ्या बुवांचा पहिल्याच दिवशी घसा बसला. माईक माझा, माणसं जमलेली, प्रसाद शिजलेला. म्हणून म्या खिशातनं मोबाईल काढला आन मी लिहीत व्हतो ती कादंबरी वाचून दाखवली. एका दिवसाची गंमत करायची व्हती. पण शेवटी कस्तुराबाई उठली आन तिनं मोबाईलला हळदकुंकू वाहिलं. झालं. हळदकुंकू वाहिलं म्हंजी पोथी लागली, आन लागलेली पोथी समाप्तीशिवाय उठवता येत न्हाय. तवापासून मी रोज सकाळी लिहितो आन संध्याकाळी वाचतो. चार्जिंगच्या भोकात आजून कुंकू हाय.

कादंबरी अशी. साल १९४३. येडशीचा शंभू छोट्या रेल्वेत बसून फौजेत जातो, नाईक व्हतो आन ब्रह्मदेशात जपान्यांशी लढतो. जखमी झाल्यावर दवाखान्यातल्या नर्स सुलोचनावर त्याचा जीव जडतो. ब्रह्मदेशाचं जंगल म्या बघितलेलं न्हाय, म्हणून आमच्या गावाजवळच्या रामलिंगचंच लिहिलं, माकडांसकट. कुणी तक्रार केली न्हाय. सध्या शंभू टेकडीवर एकटा हाय, गोळ्या संपल्यात आन खालनं फौज चढतीय. उद्या समाप्ती.

कलम २. उद्या काय व्हणार.

सुभेदार आण्णासाहेब हे आमच्या गावातले रिटायर फौजी. कुठल्या मोर्चावर व्हते ते सांगत न्हाईत, मिशीवर हात फिरवतात. ते म्हणले, "शंभू पडला पाहिजे. फौजी घरी आला तर ती कादंबरी न्हाय, पेन्शनची केस झाली."

"आण्णासाहेब, बाया रडत्याल."

"रडू द्या. नीट पडला तर तुझ्या बापाला एकदा घरी चहाला बोलवीन. न्हाय पडला तर आमच्या गल्लीत पाऊल टाकायचं न्हाय."

ह्या चहाचा अर्थ सगळ्या गावाला कळतो. आण्णासाहेबांची नात आरोही धाराशिवला बी.एड. करती. तिचं आन माझं जमलेलं हाय, फक्त आण्णासाहेबांचं माझ्याशी जमत न्हाय. कारण मागं म्या भोंग्यावरनं त्यांच्या म्हशीच्या रेडकाचं बारसं पुकारलं आन बाया पाळणा म्हणायला गेल्या. रेडकाचं नाव ठेवूनच परत आल्या. ते नाव आजून चालू हाय.

आता आरोहीचं ऐका. ती म्हणली, "शंभू मेला तर मी सोलापूरच्या स्थळाला हो म्हणणार."

"अगं, तो खरा न्हाय."

"ज्याला आपल्या हातातला माणूस जगवता येत नाही, त्याच्याशी संसार कसा करायचा? मला नंतर सांगशील, कथेची गरज होती म्हणून."

म्हंजी शंभू मेला तर आरोही गेली, आन जगला तर आण्णासाहेब तिला देत न्हाईत. दोन्हीकडनं मी मेलोच. म्हणून हे मृत्युपत्र.

कस्तुराबाईचं वेगळंच. ती माझ्या घराशेजारी राहती. तिनं शंभू सुखरूप येईस्तवर चहा सोडलाय. तवापासून तिचं डोकं चढलंय. परवा तिनं शेळीला सासूच्या नावानं हाक मारली, आन शेळी आली म्हणून घाबरून बसली. म्या म्हणलं, "मावशी, घोटभर घ्या, शंभूला कळत न्हाय." तर म्हणली, "त्याला न्हाय कळत. त्या टेकडीला कळतं."

कलम ३. जंगम मिळकत.

दोन भोंगे, एक मशीन आन माईक. हे सगळं देवळाला. बारका भोंगा आपोआप शिट्टी मारतो, त्याला चापट मारायची, पण प्रेमानं. मोटरसायकल बापाला. उतारावर चालू व्हती, म्हणून चढावर लावू नये. घर बापाच्याच नावावर हाय. ते वाटायचा लई मोह झाला, पण आवरला.

मला दहावीला मराठीत नापास करणाऱ्या मास्तरांना कादंबरीचा सातवा भाग देतो. त्यात शंभू सुलोचनाला पत्र लिहितो. त्या पत्रात चुका सापडल्या तर त्या शंभूच्या धराव्यात, तो तिसरी शिकलेला हाय.

कलम ४. कादंबरीतली मिळकत.

नर्स सुलोचना कस्तुराबाईला द्यावी. म्या तिला आईबाप लिहायचे विसरलो. ती पहिल्यांदा आली त्या भागाला कस्तुराबाईनं देवळातच नारळ-खण काढून मोबाईलची ओटी भरली आन म्हणली, "पोरीला माहेर न्हाय म्हणून कुणी बोलायचं न्हाय." तवाच ती देऊन टाकल्यासारखी हाय, इथं फक्त नोंद.

जपानी फौज कुणाला द्यावी ह्याचा लई विचार केला. किराणावाल्या महालिंगप्पांचं गोदाम मोकळं हाय, म्हणून त्यांना विचारलं. ते म्हणले, "खातात काय?" म्या म्हणलं, "भात." ते म्हणले, "नको." तरी फौजेला टोप्यांसकट आपापल्या घरी सोडावं. त्यांच्याबी घरात कुणीतरी चहा सोडला असंल.

बाकी समदं युद्ध, तोफा, खंदक, चिखल, बिगुल, आन त्याच युद्धात मोडणारं नाईक शंभूचं मरण, हे सुभेदार आण्णासाहेबांना देतो. गावात त्याची कदर दुसऱ्या कुणाला न्हाय. सदर युद्धाच्या चतुःसीमा: पूर्वेस जपान, पश्चिमेस नदी, उत्तरेस डोंगर, दक्षिणेस महालिंगप्पांचं दुकान, कारण तिथपातूर भोंग्याचा आवाज जातो. शंभूला मारायचं का ठेवायचं, हे त्यांनी उद्या समाप्तीला माईकवर सांगावं. मी लिहिणार न्हाय. माझा हात उचलत न्हाय.

ज्या मिळकतीला कुणी धनी उरणार न्हाय, ती आरोहीची. तिनं तिचं काय करायचं ते करावं.

कलम ५. साक्षीदार.

धाराशिवला दस्त लिहिणाऱ्यानं मला बजावून सांगितलं, जो साक्षीला सही करतो त्याला मृत्युपत्रात काही घेता येत न्हाय. घेतलं तर कागद नासतो. म्हणून साक्षीदाराचा वाटा रद्द समजावा.

आता आमच्या गावात आण्णासाहेबांच्या सहीशिवाय कुठलाच कागद पक्का धरत न्हाईत. साखरपुड्याची यादी असो का बैलाची पावती, पहिली साक्ष त्यांची. ते खिशातला पेन काढतात आन एवढंच विचारतात, "कुठं?" वाचत न्हाईत. वाचणं म्हंजी समोरच्यावर संशय घेणं, असं त्यांचं मत हाय. त्यांनी सही केली तर युद्धावरचा त्यांचा हक्क सुटतो आन शंभू आरोहीकडं जातो. न्हाय केली तर कागद कच्चा ऱ्हातो आन शंभूचं मरण त्यांच्याकडंच ऱ्हातं. मी कागद त्यांच्याम्होरं ठेवणार आन गप उभा ऱ्हाणार. ह्यापेक्षा मोठी हिंमत शंभूनंबी केलेली न्हाय.

मृत्युपत्र मेल्यावरच चालतं, असं महालिंगप्पा म्हणतात. माझं उद्या संध्याकाळपासून लागू धरावं. तवर जिता असलो तर ती माझी चूक समजू नये.

लिहून देणार: दिग्विजय ज्ञानोबा थोडसरे

साक्षीदार:

१. महालिंगप्पा, किराणा दुकान, येडशी. (मला काही मिळत नव्हतंच, म्हणून सही केली.)

२. सुभेदार आण्णासाहेब (रिटायर), येडशी.

सुभेदारांनी सहीखाली स्वतःच्या पेनानं लिहिलेला मजकूर:

कागद पूर्ण वाचला. आयुष्यात पहिल्यांदा वाचला. वाचून सही केली आहे, सबब मला युद्ध नको. मी पलटणीत लंगरला, म्हणजे स्वयंपाकाला होतो. नोकरीभर भाकऱ्या आणि डाळ. बंदूक परेडपुरती. म्हणून निदान शंभूने तरी नाव काढावं असं वाटत होतं. त्याला खाली आणा. आणल्यावर पहिलं जेवण लंगरातलं गरम दाखवावं आणि वाढणाऱ्याला नाव द्यावं. कस्तुराबाईला आत्ताच चहा पाठवला आहे, उद्यापर्यंत थांबवू नये. ज्ञानोबाने समाप्तीच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे चहाला यावं. कार्ट्याने सोबत येऊ नये.

ठिकाण: मारुतीचं देऊळ, येडशी
दिनांक: २० ऑगस्ट २०२५