सगळंच तातडीचं

प्रिय ज्युली,

मी धडधाकट आहे, हे आधी वाच. आईचे गुडघे कसे आहेत? वटारच्या चर्चमध्ये मिस्सेला तिला रिक्षाने नेतेस ना?

फोनवर मला बोलता येईना, म्हणून लिहितोय. आमच्या बोटीवरचा जयवंत गेला. मंगळवारी तो टाकी साफ करायला उतरला आणि आतल्या वायूने कोसळला. त्याला काढायला जाणाऱ्यांना श्वासाचे सिलिंडर लागतात. आमच्याकडे भरलेला एकच होता. तो मध्येच संपला आणि उतरलेला माणूस रिकाम्या हाताने वर आला.

बोटीचं सामान मागवणं माझ्याकडे असतं. नवे सिलिंडर मी मागच्या बंदरात मागवले होते. पण स्टोअरच्या यादीत तांदूळ, दोर, रंग, सगळ्यापुढेच मी 'तातडीचे' लिहिलं होतं. कंपनीच्या ऑफिसने हाताशी होतं ते पाठवलं. सिलिंडर पुढच्या बंदरात देऊ म्हणाले.

कॅप्टन म्हणाले, "एरॉल, सगळंच तातडीचं, तर त्यांनी आधी काय पाठवायचं?"

सोबतचे म्हणाले, ऑफिसवर ढकलून दे. मी जबाबात माझी चूक लिहून दिली. नोकरी बहुतेक राहणार नाही. आईला एवढ्यात सांगू नकोस.

जयवंतची बायको आशालता एव्हरशाईन सिटीत एकटीच असते. तो गेल्याचं तिला कळवलंय, पण कसा गेला ते कोणी सांगितलं नसेल. पत्र मिळताच तिच्याकडे जा. तिने विचारलं, तर यादीचं लपवू नकोस. मी उतरलो की आपल्या घरी येण्याआधी तिच्या दारात जाणार आहे.

मुलांचा पापा घे.

तुझा,
एरॉल