यान्नाचं जे जे असेल ते

२४ एप्रिल

पोचले बाई एकदाची ॲम्स्टरडॅमला! यान्ना स्टेशनवर नारिंगी रुमाल बांधूनच आली होती, भर गर्दीत गळ्यात पडली. ताई, राजाच्या वाढदिवसाला या वर्षी तू आहेस, आता बघ कशी धमाल येते, हे घरी येईपर्यंत चालूच. आमच्या गावात त्या दिवशी बँडवाले एक चक्कर मारतात आणि लोक घरी जाऊन सूप पितात. इथे अख्खं शहर रस्त्यावर येतं.

धाकटीचं घर थेट कालव्यावर आहे. उभं, निमुळतं, पण प्रत्येक खिडकीत ऊन. स्वयंपाकघराला जुन्या निळ्या फरशा, खिडकीत लठ्ठ मांजर. तिचा नवरा रूलोफ सायकल दुरुस्त करत होता. तेलकट हात मागे धरून त्याने माझ्या गालाला गाल लावला. अजून तसाच हसतो. रात्री झोप छान लागली.

२५ एप्रिल

लिहूनच टाकते, इथे कोण वाचतंय? मी जळते. रूलोफ आधी माझा होता. गोठलेल्या तळ्यावरून मीच त्याला घरी आणलं, आईच्या हातचं वाटाण्याचं सूप पाजलं. आणि या बाईसाहेब आयत्या पिठावर रेघोट्या ओढून मोकळ्या! त्यांच्या लग्नात मी हसतहसत सगळ्यांना केक वाढला.

आज सकाळी ती त्याच्या पावावर लोणी लावून चॉकलेटचा चुरा पसरत होती आणि हा पेपरातून डोकं न काढता तोंड उघडून बसला होता. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. घर तिचं, ऊन तिचं, नवरा तिचा. मला काय, तर पाहुण्यांची खोली.

२६ एप्रिल

दुपारी दारासमोर फुटपाथवर खडूने चौकट आखली. आज सगळेच आखतात. आत नाव लिहिलं की उद्या ती जागा तुमची, घरातला जुना माल तिथे मांडायचा. खडू माझ्या हातात होता, नाव मात्र यान्नाचं लिहावं लागलं.

शेजारची कॉरीमावशी पायरीवर बसून मजा बघत होती. म्हणाली, पोरी, संध्याकाळी उरलेलं फुकट देतात, तेव्हा जीभ जपून वापर. चौकटीतून निघालेला शब्द मागे घेता येत नाही. गेल्या वर्षी मी एकाला सगळं घेऊन जा म्हटलं, तर मेल्याने मी बसले होते ती खुर्चीसुद्धा नेली! आम्ही पोट धरून हसलो.

२७ एप्रिल

काय गर्दी! कालव्यात नावेला नाव टेकलेली, ढोल, बिअर, नारिंगी टोप्या. आणि आमच्या सतरंजीवर यान्नाने काय मांडावं? मी रूलोफसाठी विणलेला तो स्वेटर. अगं ताई, त्याला आता होतही नाही, कशाला पसारा, म्हणे. दिवसभर लोक तो उचलून बघत होते आणि परत टाकत होते. कुणी घेतला नाही.

ऊन कललं तसा एक हातगाडीवाला आला. विटका नारिंगी कोट, हडकुळा. उरलेलं काय न्यायचं, विचारत होता. मग खुर्चीत बसून क्रीमची पेस्ट्री खाणाऱ्या यान्नाकडे बोट करून म्हणाला, आणि ही?

मी म्हटलं, न्या की! ही, आणि हिचं जे जे असेल ते, सगळं फुकट न्या!

यान्ना खळखळून हसली. तो हसला नाही. नक्की ना, बाई, असं त्याने पुन्हा विचारलं. मी म्हटलं, नक्की, एकदा सांगितलं ना.

२८ एप्रिल

यान्ना घरात नाही. रूलोफला विचारलं, तर म्हणतो, कोण यान्ना? थट्टा नाही. पलंगावर एकच उशी. लग्नाच्या फोटोत तो एकटाच, हात मात्र कुणाच्या तरी कमरेभोवती असावा तसा वाकलेला.

घाबरले. आणि खरं लिहायचं तर, बरंही वाटलं. तो म्हणाला, हिल्के, राहा ना इथेच.

२९ एप्रिल

आज चॉकलेटचा चुरा मी पसरला. त्याने तोंड उघडलं. रडूच आलं मला आनंदाने.

दुपारी मांजर दिसेना. मग स्वयंपाकघरातल्या निळ्या फरशा— नाहीत. नुसता चुना. बाहेर चाकांचा आवाज.

३० एप्रिल

पलंग गेला. पडदे गेले. कॉरीमावशी विचारते, या रिकाम्या घरात तू कशी गं? चौकटीवर बादल्याच्या बादल्या ओतल्या, खडू जात नाही. तो हातगाडीवाला पलीकडच्या काठावर उभा. मी ओरडले, शब्द परत घेते, माझी बहीण परत द्या! तो अगदी अदबीने म्हणाला, दिलं ते दिलं, बाई. थोडंच राहिलंय.

१ मे

रूलोफचा हात घट्ट धरून बसले होते. सोडला नाही. खरंच सोडला नाही— आणि हातात काहीच नव्हतं.

तिचाच होता ना तो. माझा कधी—

२ मे

आईला फोन करतेय. तो नंबरच नाही म्हणतात. आई तिचीही— देवा, आईलाही मी—

चाकं दारात थांबली. दार वाजवतोय, हळूच. मी आतून ओरडले, जा, तिचं इथे काही उरलं नाही, एक चमचासुद्धा नाही!

तो म्हणतोय, आहे की, बाई. एक आहे अजून. तिची थोरली—