आईला वाचून दाखवायचा कागद

माले, १४ मार्च

प्रिय झाहिदाताई,

सलाम. आम्ही सगळे ठीक. तिकडे तू, भाऊजी, पोरं ठीक असाल. यंदा नीरफणस बरा लागलाय म्हणे. आम्हाला इथं बाजारातला दगडासारखा मिळतो, तोही मेहेरबानी केल्यासारखा.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून मचव्याच्या तांडेलाबरोबर, शकीबबरोबर, हे पत्र धाडते. सोबत तांदूळ आणि कांदे आहेत. मागच्या खेपेसारखे परत पाठवू नकोस. कांदे वाटेत सडले आणि धक्क्यावर बायका मला विचारत होत्या, ‘काय गं रझीना, बहिणीनं तुझे कांदेसुद्धा टाकले?’ तुझा राग माझ्यावर आहे ना? मग माझ्यावर काढ, कांद्यांवर कशाला!

आम्हाला सरकारी घर मिळालं, हे तुला कळलंच असेल. अकरावा मजला, दोन खोल्या. माझा दीर, साबिरचा भाऊ, आणि त्याची बायको एका खोलीत आलेत. पोरं पहिले दोन दिवस खिडकीतून हललीच नाहीत.

तुझा निरोप शकीबनं दिला. तोही कुठं, तर धक्क्यावर, माशांच्या टोपल्यांपुढं, चारचौघांत. आईला उजव्या डोळ्यानं काहीच दिसत नाही, डाव्यानं नुसत्या सावल्या दिसतात. आणि ती रडत नाही, तक्रार करत नाही. म्हणते, ‘मी मालेत खोटं बोलले, त्याची ही शिक्षा.’ तुझं म्हणणं, मी खरं काय ते एका कागदावर लिहून द्यावं, म्हणजे तू तिला वाचून दाखवशील आणि तिच्या मनावरचा दगड उतरेल. फोनवर नको, कारण फोनवर मी लाडीगोडी लावते. बरं बोलतेस गं तू माझ्याबद्दल.

तुला अंगण आहे, ताई. विहीर आहे, झोपाळा आहे. आम्ही सहा वर्षं एका खोलीत काढली, मधे प्लायवूड ठोकून, पलीकडे दुसरं बिऱ्हाड. पाळीपाळीनं झोपायचो. साबिर कामावरून आला की पोरांना उठवून त्यांच्या उबेतच आडवा व्हायचा. त्यात तुमच्या बेटाला ताप आला की पथारी माझ्या घरात! बरणीभर माशाचा रस्सा आटवून आणायचा की झालं, पंधरा दिवस मुक्काम. कोणाला ‘नाही’ म्हणाले का मी कधी? म्हटलं असतं तर बेटावर माझ्या नावानं थुंकला असता तुम्ही.

घरासाठी अर्ज केला तेव्हा घरात माणसं किती, यावर गुण होते. म्हातारं माणूस असेल तर जास्त. मी आईचं नाव घातलं. सगळेच घालतात. आमच्या गल्लीत तर कागदावर मेलेलेही सुखानं नांदतात. पण यंदा साहेब लोक घरोघरी येऊन डोकी मोजणार असं कळलं. दहा दिवस हातात. आणि त्याच आठवड्यात तुझा फोन आला की बेटावरचा डॉक्टर म्हणतोय, महिन्याच्या आत मालेला नेऊन डोळे दाखवा, नाहीतर जातील. मला वाटलं, अल्लानंच जुळवून आणलं.

ये म्हणाले तिला. नंबर लावलाय म्हणाले.

ती रोज सकाळी नवा झगा घालून, सुपारी तोंडात धरून दारापाशी बसायची. ‘आज बोलावलंय का?’ मी म्हणायचे, डॉक्टर कोलंबोला गेलाय, उद्या येईल. ताई, डॉक्टर कुठंही गेला नव्हता. नंबर लावलाच नव्हता. दवाखान्यात नाव लिहिलं की बेटाचा पत्ता सांगावा लागतो, आणि तो कागद साहेबाच्या नजरेला पडला असता तर? एवढंच. यापेक्षा काही मोठं कारण नव्हतं.

साहेब सातव्या दिवशी आला. विचारलं, ‘आजी, किती वर्षं राहता इथं?’ आई माझ्याकडे बघत होती, म्हणजे माझा आवाज येतो तिकडे. म्हणाली, ‘सहा.’

‘झोपता कुठं?’

‘जागा मिळेल तिथं, बाबा.’

तो खो खो हसला. ‘ही पक्की मालेची!’ म्हणाला आणि यादीत खूण केली. तो गेल्यावर आईनं चूळ भरली, वजू केलं, खूप वेळ नमाजावर बसली. उठल्यावर मला म्हणाली, ‘रझी, आयुष्यात पहिल्यांदाच गं. पण पोरांना खिडकी मिळेल ना?’

साहेब गेल्यावर तरी न्यायला हवं होतं. मला कळत नाही असं समजू नकोस. पण ऑपरेशन म्हणजे महिनाभर पट्टी, थेंब, उठवणं, बसवणं. आईला जागा हवी म्हणून साबिर नऊ दिवस चहाच्या दुकानात खुर्चीवर झोपत होता. म्हणाला, ‘आता बास.’ मी आईला सांगितलं, डॉक्टरांशी फोनवर बोलले, घाबरण्यासारखं काही नाही. परतीच्या बोटीत बसताना तिनं माझ्या डोक्यावर हात फिरवला.

आता तू म्हणतेस, खरं लिही. लिहिलं तर आई पोटात ठेवेल? उद्या मशिदीबाहेर सगळ्यांना सांगेल, साहेबाला निरोप धाडेल, आणि आम्ही पुन्हा प्लायवूडच्या अलीकडे. हे झालं एक. दुसरं सांगते, हस हवं तर. शकीब म्हणाला, ती अजूनही दिवसातून पाच वेळा माझ्या नावानं दुवा मागते. माझ्या नावानं दुवा मागणारं दुसरं कोणी नाही गं. साबिरही नाही. ते मला सोडवत नाही.

अल्लानं शिक्षा केली म्हटलं की माणूस सोसतो. पोटच्या पोरीनं केली म्हटल्यावर ती काय करेल? विचार कर.

तीन वेळा लिहायला बसले, तीन वेळा फाडलं. चौथ्यांदा लिहिलं ते सोबत आहे. जसंच्या तसं वाच, पदरचं घालू नकोस. तुला वाटलं तर हे पत्रही तू तिला वाचून दाखवू शकतेस, मी अडवायला येत नाही. पण तुझ्याच्यानं होणार नाही. तिचा चेहरा तुला दिसेल, मला दिसणार नाही. म्हणून तर तुला लिहू शकले.

तुझी,
रझीना

(हा कागद आईसाठी)

आई, सलाम.

तुझ्या डोळ्यांचं ऐकलं आणि घास उतरेना. डॉक्टरांच्या मी किती मिनतवाऱ्या केल्या, तुला माहीतच आहे. नशिबापुढं कोणाचं चालतं?

साहेबापुढं तू बोललीस त्याचं तू मनाला लावून घेतलंस, असं ताई म्हणते. आई, तू माझ्या पोरांसाठी बोललीस. पण खोटं ते खोटंच, ते पुसणारी मी कोण? तौबा करत राहा. अल्ला दयाळू आहे, आज ना उद्या ऐकेल.

तुझ्या गुन्ह्याची माफी मीही रोज मागते आहे.

तुझी लाडकी,
रझी