भाकरीची खूण

मंगळवार, सांजच्याला. कोल्हापूर.

नातीकडनं, जर्मनीतनं येऊन तीन दिस झाले, पर घरात एकानंबी इचारलं न्हाय की म्हातारे, काय बघून आलीस. "थंडी वाजली का, खाल्लं काय", एवढंच. मी काय थंडी मोजायला गेलते व्हय?

नातीचं गाव दोन डोंगरांच्या मधलं. आपली शाहूवाडीच, फकस्त भात न्हाय. तिथं एक जुनी कापडगिरणी हाय. लढाईत तिथं शिपायांची घोंगडी विणायचे म्हणं. आता बंद, तिकीट काढून बघायची. माग वळीनं हुबं, पुसून लख्ख, आन मुकं. खडखडाट न्हाय तर त्यो माग कसला?

इचलकरंजीत आमच्या कारखान्यात कानात वरडलं तरी ऐकू यायचं न्हाय. भूक लागली की आमचे धनी मागावनंच दोन बोटं तोंडाकडं न्यायचे. भाकरीची खूण. मी पंजा दावायचे, थांबा, एवढी सुताची कांडी भरू द्या. त्यांना जाऊन बी वर्सं झाली.

त्या मुक्या मागापुढं माझा पंजा आपसूक वर गेला. नात म्हणली, "आज्जे, कुणाला थांबवतीस गं?" बोटं कुणी दावलीच न्हाईत, आन मी आपली थांबा म्हणत हुबी.

उद्या जेवणाच्या वक्ताला माझ्या संज्याला दोन बोटं तोंडाकडं नेऊन दावणार. बापासंगं त्यानंबी माग चालवलाय, त्याला खूण ठावं हाय. सुनेनं मधी बोलायचं न्हाय. उत्तर संज्यानंच द्यायचं, आन तोंडानं न्हाय, पंजानं.