अजगराची पकड

३ फेब्रुवारी, सकाळी ५.४०
रिटायर होऊन आज तीन वर्षं झाली. रेकॉर्ड एकदा नीट लिहून ठेवतो. मिक्स्ड मार्शल आर्ट्स. फाइट अकरा, जिंकल्या सात, सातही सबमिशननं, म्हणजे समोरच्याला पकडीत घेऊन हार मानायला लावून. हरलेल्या चारपैकी तीन रेफरीमुळे, एक थंडीमुळे. पोस्टरवर नाव होतं ‘विदर्भाचा अजगर’. दारव्ह्यात नगरसेवक सोडले तर पोस्टरवर गेलेला मी एकटाच.
संकल्प: रोज पाचला उठणे. (अलार्म हळू वाजतो.) मे महिन्यात अजगर अकॅडमी सुरू करणे. त्याआधी १४ एप्रिलला, जयंतीच्या कार्यक्रमात, विहारासमोर जाहीर डेमो. मग ॲडमिशनची रांग.
शर्टाची बटणं रुपालीनं लावून दिली. बायको अंगणवाडीत सेविका, त्यामुळे घरातही सगळ्यांना तीन वर्षांचं समजते. आजकाल काजं फार लहान ठेवतात.

११ फेब्रुवारी
चहाचा ग्लास निसटला. या आठवड्यातला तिसरा. कंपनी बदलायला सांगितली. ग्लासची.
पाचला उठणे: सोमवारपासून.

१९ फेब्रुवारी
मैत्रेयीला चोक शिकवला. पोरगी अकरावीत आहे, पण मान मजबूत, माझ्यावर गेलीय. मागून गळ्याभोवती हात, कोपर हनुवटीखाली, दुसऱ्या हातानं कुलूप. दहा सेकंदांत माणूस झोपतो. मग तिला आमच्या धंद्यातला सगळ्यात मोठा नियम सांगितला: सहन होईना की समोरच्याच्या हातावर थोपटायचं. याला टॅप म्हणतात. टॅप आला की सोडायचं, समोर जन्माचा वैरी का असेना. अकरा फाइटमध्ये मी एकही टॅप चुकवला नाही, हेही सांगितलं.
तिनं विचारलं, कळलाच नाही तर? अजगराला कळतं, म्हणालो.

२ मार्च
स्वयंपाकघरात बोलत उभा होतो, हात तव्यावर टेकला गेला. वास आला, चटका आला नाही. रुपालीनं हात ओढला तेव्हा तळव्याची कातडी तव्यालाच राहिली. ती रडली. मला नवल वाटलं. थायलंडचे फायटर म्हणे वेदना मारायला वर्षानुवर्षं झाडाला लाथा घालतात. मला घरबसल्या जमलं.

८ मार्च
यवतमाळ. रुपालीनं ओढून नेलं. एमआरआय. डॉक्टर म्हणाले, मानेत नस दबली आहे, कोपराखाली दोन्ही हातांची जाणीव जात चालली आहे, ऑपरेशन लवकर करा, तोवर कुस्तीबिस्ती बंद. हा माणूस जन्मात रिंगमध्ये उतरलेला नाही, हे त्याच्या खांद्यांवरून कळत होतं.
येताना जीपमध्ये रुपाली सारखी बाहेर बघत होती. नवऱ्याला असं सांगितल्यावर बायकोनं निदान हात तरी धरावा. स्टँडवर उतरल्यावर तसं बोलून दाखवलं. ती थांबली आणि म्हणाली, “लाडखेडपासून तुमचा हात माह्या हातात होता.”
जीपमध्ये चौदा माणसं होती. गर्दीत काय कळतं.
तिची अट: ऑपरेशन होईपर्यंत कोणाच्या गळ्याला हात लावायचा नाही. मान्य केलं. फाइल कपाटावर टाकली. मैत्रेयीला सांगायचं नाही असं आमचं ठरलं. म्हणजे मी ठरवलं.

३० मार्च
ऑपरेशन मे महिन्यात बघू. अकॅडमी सुरू झाल्यावर.
डेमोसाठी अतुलला विचारलं. हा माझा साळा, कबड्डीत पाय मोडून घेतलेला, तरी नाही म्हणाला. बहिणीनं कान भरले असणार. मैत्रेयी स्वतःहून पुढे आली. रुपालीला सरप्राइज देऊ. गळ्याला हात लावायचा नाही हे परक्यांबद्दल होतं.

१४ एप्रिल, दुपारी २
डेमो दणक्यात. चार-पाचशे माणूस. रुपाली मागे जेवणाच्या मांडवात वाढत होती. डीजे इतका जोरात की स्वतःचा आवाज ऐकू येईना.
मैत्रेयीनं कमाल केली. चोक लावला, ना धडपड, ना टॅप. दहापर्यंत मोजायचं ठरलं होतं. आठला वाटलं, वा, माझं रक्त. तेवढ्यात अतुल उडी मारून स्टेजवर आला आणि माझी बोटं एकेक करून सोडवायला लागला. फुकटचा तमाशा. मैत्रेयी थोडा वेळ उठली नाही. ऊन फार आहे. डीजे कोणीतरी बंद केला. रुपाली हातात वरणाचा डाव घेऊन धावत आली, तो डाव अजून तिथेच पडला असेल.
ॲडमिशन: अजून कोणी नाही.

१५ एप्रिल
मैत्रेयीचा आवाज बसलाय. गळ्यावर लाल पट्टा. रुपालीनं कपाटावरची फाइल काढून तिच्यापुढे ठेवली. तिनं सगळी वाचली, अगदी शेवटच्या पानावरच्या सहीपर्यंत. मग घोगऱ्या आवाजात म्हणाली, “बाबा, मी पाच खेपा टॅप केलं. तुमीच तं म्हटलं होतं, टॅप केलं का सुटते.”
अतुलच्या मोबाइलवर व्हिडिओ आहे. तिचा हात माझ्या हातावर पडताना दिसतो. पाच वेळा. शेवटचे दोन हळू.
मोबाइलचा अँगल चुकीचा असेल.
जेवलो नाही. मला भीती वाटते आहे. हे इथे लिहितो, बाहेर बोलणार नाही.

१७ एप्रिल, सकाळी ८
विचार करून उपाय काढला. डीजे होता, घाम होता, म्हणून कळलं नसेल. शांततेत कळणारच. सिद्ध करून दाखवायचं ठरवलं.
ओसरीवर बसलो. बाही वर केली, हात पुढे धरला, डोळे मिटले. मैत्रेयीला म्हणालो, टॅप कर, किती ते मी सांगतो. रुपाली दारात होती. मी सगळं लक्ष हातावर आणलं, फाइटच्या आधी आणायचो तसं. आणि जाणवलं. अगदी स्पष्ट, एकामागून एक. इतकं हलकं वाटलं की हसूच आलं.
म्हणालो, “तीन.”
ती म्हणाली, “बाबा, मी आजून चालूच नाई केलं.”
डोळे मी तसेच मिटून ठेवले.