अखजीले कोण वाजवीन?

१२ मार्च २००८, दर्यापूर

दोन्ही शिबिरांची पत्रकं आज सोबतच आली! मुंबईचं — पूर्ण मे महिना, नुसतं जाझ. नागपूरचं — जूनमध्ये दहा दिवस, 'पाश्चात्त्य संगीताची ओळख'. ओळख! ओळख होऊन दोन वर्षं झाली, बाप्पा. फुरकाननं सुरतेहून पाठवलेली जाझची सीडी मी इतक्यांदा ऐकली की मनोजनं, माझ्या भावानं, ती एकदा गादीखाली लपवून ठेवली होती.

मुंबई, मुंबई, मुंबई. पण मे! मे म्हणजे लग्नसराई. आणि वाहेदचाचाच्या बँडात सॅक्सोफोन वाजवणारी मी एकटी. आधी फुरकान वाजवायचा, चाचाचा पुतण्या. तो गेला सुरतेले कामाले. आमचं फुलांचं दुकान बँडच्या दुकानाला लागून — नवरदेवाची गाडी आमी सजवायची, वरात त्यांनी काढायची. एक दिवस हार ओवता ओवता मी उठली न् सॅक्सोफोन उचलला. आईनं अजून माफ नाही केलं.

१४ मार्च

चाचाले विचारलं, जाझ म्हणजे काय माहीत आहे का? क्लॅरिनेट पुसत म्हणाला, "घोडा बिचकला, वरात अडली, नवरदेवाचा मामा वरडून राह्यला, आन् गानं तं संपलं. तवा आपन जे वाजवतो नं बेटा, तेच."

मी हसली. मग घरी येऊन सीडी लावली. खरंच तेच आहे!!

मे महिन्याचं मात्र त्याले बोलली नाही.

१७ मार्च

आई — "फुकून फुकून गाल फुगतीन. मंग कोन करीन तुले?"
मी — "ज्याले गाल आवडतीन तो."
झेंडूची टोपली अंगावर आली. रिकामी होती म्हणून बरं.

२२ मार्च

अर्जासोबत रेकॉर्डिंग पाठवायचं. 'शांत खोलीत, एका जागी बसून.' चाचाच्या मागच्या खोलीत बसली, मनोजनं फोन धरला. वाजवलं. ऐकलं. छी! मेल्यासारखं! पुन्हा वाजवलं, ताल गेला. चाचाची पोरगी हीना चहा घेऊन आली, दारातूनच म्हणाली, "पाय बांधून कशी वाजवशीन? तू तं चालता चालताच शिकली."

खरं आहे! मी आजवर एकदाही बसून वाजवलेलं नाही. वरातीच्या पावलावर शिकली, पाऊल थांबलं की माझा दमही थांबते. मग काय, गल्लीत उतरलो. मी वाजवत पुढे, मनोज फोन धरून उलटा चालतोय. शेवटी तो जमुनामावशीच्या बकरीवर जाऊन पडला. बकरी ओरडली ते रेकॉर्डिंगमध्ये आहे. पण बाकी झकास! तेच पाठवते.

२४ मार्च

जीपनं अकोल्याले. इंटरनेट कॅफेवाल्यानं बकरीसकट दोन्हीकडं पाठवून दिलं.

३ एप्रिल

गंमत. मी रियाजाले जाते तेव्हा सॅक्सोफोनची रीड, तोंडात धरायची ती वेताची पट्टी, आधीच ओली असते. आजही. चाचा चोरून वाजवून पाहत असेल! म्हातारपणी हौस. रीड धुवून घेतली न् वाजवायले लागली.

१० एप्रिल

दोन्हीकडं निवड!!! मुंबईच्या सरांनी लिहिलं, "बकरीचा प्रवेश छान होता." मी दुकानात नाचली. आईनं नाचू दिलं.

११ एप्रिल

नाचणं संपलं. अखजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, सामुदायिक लग्नाची वरात चाचाले मिळाली. यंदा गावोगाव घरची लग्नंच नाहीत. कापसानं मान टाकली तेव्हापासून लोक एकाच मांडवात उरकून घेतात. ही एक वरात म्हणजेच बँडची सराई. मांडवाचं सगळं पाहणारे नत्थुजी स्वतः आले, म्हणाले, "पोट्टी वाजवते तोच बँड पायजे. लोक पाहाले येतीन." म्हणजे मी. अखजी मेच्या सात तारखेले. मुंबई एक तारखेले सुरू.

आता बोलावंच लागलं. चाचानं सगळं ऐकलं. म्हणाला, "जाय, बेटा." एवढंच. आणि ढोल उन्हातून सावलीत सरकवत बसला. अजून काही बोलला असता तर बरं झालं असतं.

१४ एप्रिल

नागपूरले हो म्हणायचं ठरवलं. दहा दिवस तं दहा दिवस. ओळख तं ओळख. खूप रडली. आईनं काहीच न विचारता मोगऱ्याचा गजरा डोक्यात खुपसला, म्हणून अजून रडली.

१५ एप्रिल

सकाळीच हीना दुकानात. "नागपूरले कळवलं काय?"
"आज कळवते."
"नोको. मुंबईले हो म्हन. अखजीले मी वाजवते."
"तू? तू कधी वाजवलं वो?"
"रीड कोन ओली करते मंग? अब्बा?"

वरातीचं तिले कधी आवडलंच नाही. लोक घोडा सोडून पोरीकडं पाहतात म्हणायची. आज म्हणते, "नत्थुजीले पोट्टीच पायजे नं? पोट्टी हाये."

मी म्हटलं, वाजवून दाखव. तर नाही! "तू आयकलं तं तू जाशीनच नाई."

म्हणजे वाईट वाजवते बिचारी. चाचाले विचारलं, तो मिशीत हसला. काय करू?

१६ एप्रिल

मुंबईले हो म्हटलं. चाचाची अब्रू एका नवशिकीच्या हातात देऊन चालली मी! दहा दिवस तिले शिकवते म्हटलं. म्हणाली, "मले डी.एड.चा अभ्यास हाये."

३० एप्रिल, अकोला स्टेशन

आई फुलं घेऊन आली, जशी मीच नवरदेवाची गाडी. हीनाले म्हटलं, चुकली तर थांबू नको, चाचाच्या क्लॅरिनेटमागं चालत राहा. ती मुकाट्यानं "हाव" म्हणाली.

७ मे, मुंबई

मनोजनं वरातीतून फोन लावला. नवरदेवांचा ट्रॅक्टर बंद पडला, वरात अडली, आणि गाणं संपलं होतं. मग सॅक्सोफोन. मला वाटलं फुरकान आला सुरतेहून! "फुरकान कायचा? हीना हाये," मनोज ओरडला. चाचानं क्लॅरिनेट खाली ठेवून दिलं होतं म्हणे, नुसता ऐकत उभा होता. मी जिन्यात बसून ऐकलं, ट्रॅक्टर सुरू होईपर्यंत. आधी ऐकलं असतं तर खरंच गेली नसती मी. बाप्पा! एक नंबरची गावातच राहिली, मुंबईले दोन नंबरची आली.