सर्व्हरच्या खोलीला लागलेली अख्खी गल्ली

बानी, शनिवार दुपार. वीज: आत्ता आहे.

ती. दाजी,

पायांवर डोकं ठेवतो. तुमचे पाय न्यूयॉर्कच्या थंडीत मोज्यांत असणार, तर मोज्यांवरच ठेवलं असं समजून आशीर्वाद द्या. देल्फिनाताईचा गुडघा कसा आहे? तिला म्हणावं, जिने चढू नकोस, आणि शेजारणीशी भांडायचंच झालं तर बसून भांड. इकडे सगळे खुशाल. आंबे आले नि गेले. हिची तब्येत उत्तम आहे (आवाजावरून सांगतो). सासूबाईंना, म्हणजे कासिल्दाबाईंना, डॉक्टरांनी गोड बंद केलं, म्हणून त्यांनी डॉक्टर बंद केला. राहता राहिलो मी. महिन्याभरात माझा पट्टा दोन भोकं आत गेला आहे, आणि त्याचं कारण सविस्तर लिहिल्याशिवाय मला बरं वाटणार नाही.

तुम्हाला ठाऊकच आहे, चौकातल्या झाडाखाली रेडिओ दुरुस्त करणारा हा लेओन्सिओ आज अर्ध्या गावाला इंटरनेट पुरवतो. घरामागच्या खोलीत पूर्वी कोंबड्या असत, तिथे आता शेतकरी पतसंस्थेच्या सातही शाखांचे सर्व्हर आहेत. (कोंबड्या जास्त समजूतदार. वीज गेली की झोपायच्या. हे मरतात.) जुलैत वीज गेली, सर्व्हर मेले, आणि सातही शाखांत रांगेतली माणसं माझ्या आईबद्दल बोलू लागली. मग पतसंस्थेचा निरोप आला: आमच्या तपासनीस आर्खेलिया मोता गुरुवारी येतील, स्वतःच्या हाताने मेन स्विच पाडतील, आणि तासभर तुमची खोली जिवंत राहिली तर करार राहील. नाही तर सर्व्हर राजधानीला. सर्व्हर राजधानीला गेले दाजी, की माझ्याकडची अकरा माणसं घरी बसणार आणि मी पुन्हा झाडाखाली. आणि ते झाडसुद्धा नगरपालिकेने तोडलंय.

तेव्हा विजेला पर्याय शोधणं आलं. हा शोध म्हणजे मुलीला स्थळ बघण्यासारखा असतो, प्रत्येक मध्यस्थाला एकच मुलगा ठाऊक असतो आणि तो निर्व्यसनी असतो. पहिला विक्रेता जनरेटर घेऊन आला. म्हणाला, याच्यावर एक अख्खा साखर कारखाना चालायचा. मी विचारायला हवं होतं की मग कारखाना बंद का पडला. नाही विचारलं. जनरेटर गच्चीवर चढवला आणि सुरू केला, तर समोरच्या घराच्या भिंतीवरचे संत खाली उतरले (तसबिरीसकट). कोपऱ्यावर डोमिनो खेळणारी चौकडी तुम्हाला आठवत असेल, त्यांचे म्होरके तोरिबिओमामा जिना चढून वर आले. "लेओन्सिओ," म्हणाले, "सोंगटी टेबलावर आपटल्याचा आवाज आला नाही तर समोरच्याला भीती कशी वाटणार? तू आमचा खेळ मुका केलास." हेही सोसलं असतं. पण वीज गेल्यापासून हा कारखानदार जागा व्हायला अर्धं मिनिट घेई, आणि सर्व्हर तर डोळ्याचं पातं लवण्याआधी मरतात. थोडक्यात, मेहुण्यासारखा. येणार नक्की, पण सामान उचलून झाल्यावर. (मी तुमचा मेहुणाच आहे, म्हणून हक्काने लिहितो.) परत पाठवला.

मग बॅटऱ्या घेतल्या. सोळा. विक्रेत्याने कागदावर आकडेमोड करून दाखवली: खोलीतल्या यंत्रांना एवढं लागतं, बॅटऱ्यांत एवढं मावतं, चार तास डोळे मिटून. मी संध्याकाळी वीज गेल्यावर डोळे मिटले आणि चाळिसाव्या मिनिटाला उघडले. सगळं काळंठिक्कर. विक्रेता म्हणाला यंत्रं खादाड आहेत, यंत्रवाला म्हणाला बॅटऱ्या लबाड आहेत, ही म्हणाली माणूस मूर्ख आहे. अखेर मी किरिकोला बोलावलं. हा आमच्या गावचा वायरमन. मितभाषी माणूस, आयुष्यात दोनदा जोरात बोललाय आणि दोन्ही वेळा त्याला शॉक बसला होता. त्याने मीटर लावला, बराच वेळ बघितलं, डोकं खाजवलं आणि म्हणाला, "मालक, तुमची खोली केस वाळवते का?"

आता आपल्याकडची रीत मी तुम्हाला काय सांगू. शेजाऱ्याकडे वीज आहे आणि आपल्याकडे नाही, तर आपण वायर टाकतो. पाणी मागावं तशी. नाही म्हणणारा माणूस आपल्या गल्लीत अजून जन्माला आलेला नाही. मीसुद्धा "घ्या की" म्हटलं असेल, कधी कुणाला, एकदा, दोनदा. किरिकोने कोंबड्यांच्या जुन्या खिडकीमागचा पत्रा काढला, तर आत मक्याच्या कणसाच्या केसांसारख्या वायरी. त्याने एकेक धरून पाठलाग केला. एक गेली नेरेइदाबाईंच्या पार्लरात. एक न्हाव्याकडे. एक डोमिनोच्या दिव्याला आणि पंख्याला. फ्रिजांच्या तर आठ. सगळ्यात जाड वायर कुठे गेली असेल? माझ्याच सासूबाईंच्या फ्रीझरला, ज्यात त्या चिंचेच्या सरबताच्या बर्फपिशव्या गोठवून विकतात. "मी वायर टाकली तेव्हा तू जेवत होतास," त्या म्हणाल्या, "आणि जेवताना तू कशालाही हो म्हणतोस." हे खरं आहे.

बुधवारी मी गल्ली गोळा केली. वायरी कापायची गोष्ट काढली असती तर माझ्या अंत्ययात्रेला खांदा द्यायला सर्व्हर आले असते. म्हणून इतकंच मागितलं: उद्या दुपारी एक तास, फक्त एक तास, सगळ्यांनी आपापली पिन काढायची. लोक खरंच चांगले हो. कुणी शपथ घेतली, कुणी क्रूसाची खूण केली, तोरिबिओमामांनी डोमिनोवर हात ठेवला.

गुरुवारी आर्खेलियाबाई आल्या. चष्मा, काखेत फाइल, चेहरा असा की डासही परवानगी काढून बसावा. स्विच पाडला, घड्याळ बघितलं. यंत्रं गुणगुणत राहिली. गल्लीत शब्दाला जागणारी शांतता. दहा मिनिटांनी बाई म्हणाल्या, "आता पन्नास मिनिटं इथे बसून मी काय करू? संध्याकाळी भाचीचं लग्न आहे. जवळपास कुठे केस करून मिळतील?" आणि दाजी, माझा हात आपोआप उठला आणि त्याने नेरेइदाबाईंचं दार दाखवलं. त्या हाताला मी अजून माफ केलेलं नाही.

पाऊण तास होत आला तेव्हा किरिको आला. रात्रभर वीज नव्हती म्हणून बॅटऱ्या अर्ध्याच भरलेल्या, त्यात हा ड्रायर लागलेला; आता त्या सहा-सात मिनिटांच्या सोबती, आणि आपल्याला पंधरा हवी होती. त्याला घेऊन मी पार्लरच्या मागच्या दाराने आत गेलो. बाई भल्यामोठ्या ड्रायरखाली, डोक्यात रोलर, डोळे मिटून. मी नेरेइदाबाईंना खुणेने पिन दाखवली. त्यांनी मला मोरीत ओढलं. "अर्ध्या ओल्या डोक्याची बाई आयुष्यात सही करत नाही, लेओन्सिओ. केली तर विरुद्ध करते. तुला तुझी यंत्रं वाचवायचीयत की करार?" उत्तर दिलं ते माझ्यामागे उभ्या किरिकोने. "मालक, तुमच्या यंत्रांपेक्षा त्यांना गार ठेवणारा एसी जास्त खातो. तो बंद करतो. पण पाच मिनिटांत खोली तापेल, आणि तापली की यंत्रं आपणहून मान टाकतील."

मी अंगणात उभा राहून हताशपणे हे नुसतं बोललो. ऐकायला सगळी गल्ली कुंपणाला लागलेली होतीच. सासूबाई तडक आत गेल्या आणि फ्रीझरमधला सगळा बर्फ, आठवड्याची विक्री, टबात घालून खोलीत आणून बसल्या. मागून डोमिनोची चौकडी आली. त्यांनी टेबलाचे पाय उपटले, फळी दोन्हीकडून धरली आणि बर्फावरून वारा घालायला लागले. (सोंगट्या तशाच जमिनीवर मांडून ठेवल्या होत्या. डाव मोडायचा नाही, या अटीवर आले होते.) न्हाव्याने टॉवेल फिरवला. मी पुठ्ठा. पंधरा मिनिटं दाजी, कोंबड्यांच्या खोलीत एवढी फडफड कोंबड्यांनीही केली नसेल.

एकसष्टाव्या मिनिटाला दार उघडलं. आर्खेलियाबाई. केस अप्रतिम झाले होते, हे कुणालाही मान्य करावं लागेल. समोर घामाने निथळणारे चार म्हातारे, हातात टेबल. माझ्या सासूबाई मांडीत टब घेऊन, आणि सातही शाखांच्या हिशेबाला टेकून ठेवलेल्या चिंचेच्या पिशव्या.

"हे काय आहे?"

"वातानुकूलन," तोरिबिओमामा म्हणाले आणि वारा घालत राहिले.

बाईंनी यंत्रांवरचे हिरवे दिवे मोजले. मग हळूच केसांना हात लावला. "आणि हे कुणाच्या विजेवर वाळले?" नेरेइदाबाई छताकडे बघू लागल्या, छतात बघण्यासारखं काही नाही. तेव्हा बाई एका खोक्यावर बसल्या, एक बर्फपिशवी दाताने फोडली आणि म्हणाल्या, "आईकडे बारा वर्षं आमचा फ्रिज शवपेट्यांच्या दुकानाच्या विजेवर चालतोय. मला काय शिकवता. तुम्ही यंत्रं मोजलीत, गल्ली मोजलीच नाही. वायरी कापाल तर उद्या पुन्हा येतील. चूल वेगळी करा. गल्लीच्या बॅटऱ्या गल्लीला, पतसंस्थेच्या पतसंस्थेला, आणि मागे एक लहान, सभ्य जनरेटर." आणि सही केली. गल्लीने अशी आरोळी ठोकली की तीन रस्ते पलीकडच्या लोकांना वाटलं वीज आली, आणि त्यांनी टीव्ही लावून बघितले.

तर असं झालं. करार राहिला, अकरा माणसं राहिली. ताईला गोड पापा. तुमचा आज्ञाधारक,

लेओन्सिओ

ता. क. एक बारीकशी अट सांगायची राहिली. बाईंनी लिहून दिलंय की बॅटऱ्या कोंबड्यांच्या तापणाऱ्या खोलीत नकोत. पंधरा दिवसांत वेगळ्या, गार, कुलूपबंद खोलीत गेल्या पाहिजेत, नाही तर सही रद्द. आमच्या भिंतीला लागून अशी एकच खोली आहे: तुमच्या बंद घरातली, ताईची झोपायची. तुमच्या परवानगीशिवाय मी उंबऱ्याला पायही लावणार नाही.

ता. क. २. परवानगी गृहीत धरून शुक्रवारी बॅटऱ्या हलवल्या. जुन्या सोळा आणि उधारीवर आणलेल्या नव्या सोळा, गल्लीच्या आणि पतसंस्थेच्या मिळून बत्तीस. कुलूप सासूबाईंनी केसातल्या पिनेने उघडलं. मला वाटतं ते तुमच्याकडे फार कमी दर्जाचं होतं, बदललंय.

ता. क. ३. ताईचा पलंग सुरक्षित आहे. तो नेरेइदाबाईंच्या पार्लरात आहे, गिऱ्हाइकं त्यावर बसून वाट बघतात आणि कौतुक करतात. हे तिला गुडघा बरा झाल्यावर सांगा.

ता. क. ४. जनरेटर तुमच्या परसात बसवला. आवाज अजिबात येत नाही, असं तोरिबिओमामा म्हणतात. नाताळला यायचं ठरवत असाल तर आमच्याकडे उतरा. अख्ख्या बानीत आता वीज कधीच जात नाही असं एकच घर आहे, आणि ते तुमचं आहे. फक्त त्यात उभं राहायला जागा नाही.